आक्कांनी न घेतलेला कौल

आक्का, परवा दुपारी मी घराचं दार आतून लावून घेतलं, कडी घातली आणि खाली टेकले. मग मला तुमची इतकी लाज वाटली की उठून दार पुन्हा सताड उघडं टाकलं.

बाहेरच्या कुणाला सांगितलं तर हसतील. स्वतःच्या घराचं दार लावण्यात लाज कसली? पण तुम्हाला ठाऊक आहे. आपण मेंढरांमागं हिंडणारी माणसं. पारनेरच्या माळावरचं हे घर पावसाळ्यापुरतं आपलं. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, मेंढरं पुढं घालायची आणि गोदाकाठाला, राहात्या-पुणतांब्याकडं उतरायचं, ते उन्हाळा सरताना परत. मेंढरांना निदान वाघूर असते, चारी बाजूंनी ठोकलेली जाळी. आपल्याला तीही नाही. तुमची धाकटी जाऊ म्हणून मी या घरात आले तेव्हापासून माझं एकच मागणं होतं: मागं शेड बांधू, मेंढरं जागेवर पाळू, आणि आपण दार असलेल्या घरात राहू. ते मी तुमच्या कानाशी इतकं घोकलं की तुम्ही वैतागून म्हणायचात, "आगं शाळा, दार का खानार हायेस?"

बारावीपर्यंत शिकले म्हणून तुम्ही मला नावानं कधी हाक मारलीच नाही. शाळा. रागात असलात की मोठी शाळा. माझ्या आईला तुम्ही पहिल्यांदा हे नाव सांगितलंत तेव्हा ती घाबरली होती, पोरीचं नाव बदललं की काय म्हणून.

आता मला शाळा म्हणणारं कुणी राहिलं नाही. दार आहे, कडी आहे, मी आत आहे. मेंढरं घरामागच्या वाघुरीत उभी राहून ओरडतात. आपल्या भावकीतले सगळे कधीच गोदाकाठाला पोचले, तिकडून त्यांचे फोन येतात, उसाची तोड सुरू झाली, पाचट भरपूर आहे, मेंढरांना उसाच्या शेंड्यांचं वाडं मिळतंय. आपणच तेवढे मागं राहिलो. यंदा आपण का थांबलो हे मला तुम्ही गेल्यावर कळलं, आणि ज्या माणसाकडून कळायला हवं होतं त्याच्याकडून कळलं नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्याबरोबर निघाले ते साल तुम्हाला आठवतं का? मला प्रवरेच्या कालव्याशी आपला मुक्काम आठवतो. मला अंघोळ करायची होती आणि आडोसा म्हणून काही नव्हतं. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला सडक, सडकेवर उसाचे ट्रॅक्टर. मी कपडे हातात घेऊन रडकुंडीला आले होते. तुम्ही तुमची घोंगडी काढलीत, दोन्ही हातांनी पसरून सडकेकडं पाठ करून उभ्या राहिलात आणि म्हणालात, "हे घे तुजं दार. लावलंय. कर अंघूळ." माझी अंघोळ होईपर्यंत तुमचे हात खाली आले नाहीत. एक ट्रॅक्टरवाला काहीतरी बोलला तेव्हा तुम्ही त्याच्या सात पिढ्या काढल्यात, पण घोंगडी हलली नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षं माझं दार तुम्हीच होता. मला मात्र लाकडाचं हवं होतं.

तुमचं आणि देवाचं कसं होतं ते मला कधी नीट कळलं नाही. तुमचे धनी, मोठे दाजी, गेल्यावर वाड्याचं, म्हणजे एकत्र हिंडणाऱ्या आपल्या सगळ्या बिऱ्हाडांचं, पुढारपण तुमच्याकडं आलं आणि तुम्ही ते देवाच्या खांद्यावर टाकून मोकळ्या झालात, असं मला वाटायचं. मेंढरं बिरोबाची, आपण नुसते राखणदार, हे तुमचं रोजचं. कुठं निघायचं, कधी निघायचं, सगळं देवाला विचारून. दिवाळीच्या पाडव्याला टेकडीवरच्या देवळात जायचं, ओल्या बोटानं दोन पांढऱ्या कळ्या देवाच्या दगडाला चिकटवायच्या, उजवीकडं एक, डावीकडं एक, आणि प्रश्न विचारून हात जोडून बसायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. त्यावर आपला सगळा संसार चालायचा. मी एकदा म्हटलं होतं, वारा ज्या बाजूनं येईल तिकडची कळी पडणार, यात देव कुठं आला? तुम्ही रागावला नाहीत. "वारा कोन धाडतंय?" एवढंच विचारलंत आणि भाकरी थापत राहिलात.

कौल एकदा लावला की तोच प्रश्न पुढच्या दिवाळीपर्यंत पुन्हा विचारायचा नाही, हाही तुमचाच दंडक. आपल्या चुलत दिरांनी एका साली मनासारखा कौल मिळाला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी परत कळ्या लावल्या, तर तुम्ही त्यांना भर वाड्यात झापलंत. "द्येव का भाजीवाला हाय रं? घासाघीस कराया गेल्तास व्हय?" तो बाप्या पुढं कितीतरी दिवस तुमच्या समोरून जाताना मान खाली घालायचा. भाजीवाला हे त्याचं नाव पडलं ते अजून आहे.

आणखी एक गोष्ट सांगते. तुम्हाला ती सांगायची गरज नाही, पण माझ्या मनातून ती आता हलत नाही.

पुणतांब्याच्या शिवारात आपण दर साली ज्यांच्या रानात मेंढरं बसवायचो, त्यांचा कांदा एका साली गारपिटीनं पार झोपला. मेंढरं रानात बसली की रानाला लेंडीखत मिळतं आणि आपल्याला त्याबदल्यात धान्य, असा आपला जुना व्यवहार. त्या साली त्यांनी धान्य देऊ नये असं त्यांच्या घरातल्या बाईच्या तोंडावर लिहिलेलं दिसत होतं. तरी त्या भल्या माणसानं ठरल्याप्रमाणे बाजरीचं पोतं आणून आपल्यापुढं ठेवलं. तुम्ही घेतलंत, राम राम केलात. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत वाडा उठवलात आणि निघता निघता ते पोतं त्यांच्या गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलंत. मला हे पुढच्या मुक्कामाला कळलं. आपलं पीठ तळाला गेलेलं. मी तुमच्यावर तोंड सोडलं.

तुम्ही म्हणालात, "त्यानं मनानं न्हाई दिलं गं. आपन म्होरं हुभं ऱ्हायलो म्हनून भिडंनं दिलं. भिडंनं दिलेलं आपल्याला नगं."

"बरं," मी म्हटलं, "मग पीठ संपलं की भीड भाजून खाऊ."

तुम्ही इतक्या हसलात की डोळ्यांतून पाणी आलं. म्हणालात, "वाईच मीठ टाक म्हंजी झालं."

यंदाच्या पाडव्याला तुम्ही टेकडीवरून खाली आलात तेव्हा वाड्यातले सगळे वाट बघत होते. घोडी खरारा करून तयार होती. तुम्ही पायरीवर बसलात, मिश्री काढलीत, दातांना लावलीत आणि म्हणालात, "यंदा दमानं घ्या. कौल न्हाई मिळाला आजून." असं कधी झालं नव्हतं. उजवी नाहीतर डावी, एक कळी पडायचीच. भावकी थोडे दिवस थांबली. मग त्यांचं चालेना, ते निघून गेले. जाताना चुलत दीर जुना दावा साधून म्हणाले, "आक्का, द्येवाचा फोन लागंना व्हय? रेंज नसंल." तुम्ही उलट बोलला नाहीत. तुम्ही उलट बोलला नाहीत हे पाहूनच मला कळायला हवं होतं की काहीतरी झालंय.

मग दर रविवारी तुम्ही टेकडी चढायला लागलात. जाताना पदरात कळ्या, येताना तोंड बंद. इकडं माळावरचं गवत संपलं. हे रोज कोयता घेऊन लांब लांब जायचे, सुबाभळीचा, लिंबाचा पाला तोडून आणायचे, आणि मेंढरं त्यावर तुटून पडून पुन्हा उपाशीच राहायची. मला वाटलं, तुम्ही मला धडा शिकवताय. एका जागी थांबायचं होतं ना तुला, घे, बघ थांबल्यावर काय होतं. मनात हे धरून मी तुमच्याशी बोलणं कमी केलं. तुम्हाला भाकरी वाढताना ताट जरा जोरात ठेवायचे. तुमच्या ते लक्षात यायचं, कारण तुम्ही ताट दोन्ही हातांनी धरायला लागला होता.

आणि एका सकाळी चुलीपाशी मी म्हणालेच, यांच्यासमोर म्हणाले. "आक्का, तुमच्यानं आता चालवत नाही तर तसं सांगा ना. देवाच्या नावावर कशाला बसताय?"

ह्यांनी चमकून माझ्याकडं पाहिलं. तुम्ही चुलीतलं लाकूड पुढं सारलंत.

"व्हय गं," तुम्ही म्हणालात. "न्हाई चालवत आता."

मला वाटलं, मी जिंकले.

त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. दुपारी लिंबाखाली कोकरू मांडीवर घेऊन त्याच्या लोकरीतले गोखरू काढत बसला होता. ह्यांनी जेवायला हाक मारली, तुम्ही उठला नाहीत. कोकरू तुमच्या मांडीवर तसंच बसलेलं होतं, त्यालाही काही कळलं नाही.

दहाव्याला भावकी गोदाकाठावरून टेम्पो करून आली. पिंड ठेवला आणि हात मागं घेतो न घेतो तोच कावळा शिवला. कुणाला काही बोलावं लागलं नाही, कसला शब्द द्यावा लागला नाही. सगळे म्हणाले, बाई समाधानानं गेली, मागं इच्छा म्हणून राहिली नाही. मी पदर डोळ्यांना लावला होता. पदराआड मला काय वाटलं ते आज तुम्हाला सांगते, कारण तुमच्याशिवाय कुणाला सांगण्यासारखं ते नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. तुमच्यासाठी रडत होतेच, खोटं नव्हतं ते. पण खाली कुठंतरी हेही होतं की आता वाद संपला. आता घर, आता शेड. त्या घाटावर उभी राहून मी मनातल्या मनात घरामागची जागा मोजून आले.

तेराव्यानंतरच्या रविवारी निवद घेऊन मी टेकडी चढले. देवळाचे पुजारी सोपानमामा, तुमच्या माहेरच्या नात्यातले. त्यांनी निवद घेतला, माझ्या कपाळाला भंडारा लावला आणि सहज म्हणाले, "मग, शेडाचं काम कवा धरताय?"

मी म्हटलं, "शेड कशाची मामा? कौलच मिळाला नाही."

मामांचा हात थांबला. "मिळाला न्हाई? आक्का काय बोलली न्हाई तुला?"

मग त्यांनी सांगितलं. ते त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण तेव्हापासून दुसरं काही माझ्या कानात नाही.

"पाडव्याला आली. मला वाटलं न्हेमीचंच, निघायचं का ते इचारनार. तर म्हनली, द्येवा, मेंढरं तुजी हायती, मला ठावं हाय. पर माजी जाऊ दमलीय. लई वर्सं माज्या मागं चालली. तिला आता एका जागी ऱ्हायाचंय. थांबू का? तर डावी दिली."

"मग?"

"मग पुढल्या रविवारी परत आली. म्या म्हनलं, आक्का, एकदा इचारलं की झालं, तूच सांगतीस सगळ्यास्नी. तर मला म्हनली, मामा, तुमी गप बसा, ही माजी न् त्येची गोष्ट हाय. परत त्येच इचारलं. परत डावी. दर रविवारी यायची बघ. भांडायची सुदिक त्येच्याशी. म्हनायची, माज्यासाटी कदी कायी मागितलं का रं तुला? धनी न्हेलास तवा तरी बोलले का?"

मामांनी देवाकडं पाहिलं, जणू साक्षीला घेत होते.

"मग शेवटल्या रविवारी उजवी पडली. म्या आनंदानं घंटा वाजिवली. ही आपली बसलेली. म्हनली, मामा, ह्यो कौल न्हवं. म्या त्येच्या दारात ठान मांडून बसले म्हनून भिडंनं दिलाय त्यानं. आसला कसा घिऊ? म्हनली न् कळी उचलून परत त्येच्या पायाशी ठिवली. न् उतरून गेली."

मग मामा मला समजावल्यासारखं म्हणाले, "मी म्हनतो कौल त्यो कौल. उजवी म्हंजी उजवी. थांबा खुशाल."

आक्का, मी तिथं रडले असते तर बरं झालं असतं. मला रडू आलं नाही. कानशिलं तापली. ज्या दंडकावरून तुम्ही भर वाड्यात बाप्याला भाजीवाला केलंत, तो दंडक तुम्ही मोडत होता, रविवारमागून रविवार, गुडघे धरत टेकडी चढून, आणि खाली मी ताट आपटत होते. तुमच्यानं चालवत नाही का, असं मी विचारलं तर तुम्ही व्हय म्हणालात. ज्या बाईनं देवाचंही भिडेनं दिलेलं घेतलं नाही, तिनं माझा खोटा आळ मुकाट घेतला. पण सगळ्यात जास्त लाज याची नाही. मामा "थांबा खुशाल" म्हणाले ना, त्या क्षणी, तुमची सगळी गोष्ट ऐकून झाल्यावरही, माझ्या मनात पहिलं आलं ते शेडचं तोंड कुठल्या बाजूला ठेवायचं हे. इतकी मी.

उतरताना मात्र मला तुमचा राग आला. तो अजूनही आहे, लपवत नाही. का नाही सांगितलंत मला? सकाळ-संध्याकाळ एका चुलीपाशी बसत होतो. एकदा म्हणायचं होतंत, शाळा, तुझ्यापायी देवाशी भांडतेय. मी म्हणाले असते, नको आक्का, चला, निघू. असं स्वतःशी म्हणत मी अर्धी टेकडी उतरले आणि मग थांबले, कारण ते खरं नव्हतं. मी तसं म्हणाले नसते. मला आनंद झाला असता. पुढच्या रविवारी मीच कळ्या तोडून तुमच्या पदरात घातल्या असत्या. तुम्ही मला ओळखून होता. म्हणून नाही सांगितलंत.

आणि मी स्वतः इतक्या वर्षांत एकदा तरी टेकडी चढून त्याला विचारलं होतं का? नाही. मी तुम्हालाच विचारत राहिले. वाद घालायला तुम्ही, रुसायला तुम्ही, आणि शेवटी देवाशी घासाघीस करायलाही तुम्हीच. मी नुसती घोंगडीच्या आत उभी राहिले, इतकी वर्षं.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ जोत्यावर बोटानं रेघा ओढत बसले. आईविना वाढलेल्या माणसाला तुम्ही कोण होता ते मी काय सांगू? मग म्हणाले, "तू म्हनशील तसं." मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. त्यांना निघायचं होतं. पावलं त्यांची केव्हाच वाटेला लागली होती. हेही भिडेनंच म्हणत होते. मला त्या शब्दाची धास्ती बसली आहे आक्का, आता मी ज्याच्या त्याच्या तोंडात तो शोधत असते. परवा दार लावून आत बसले तेव्हा दारसुद्धा मला भिडेनं मिळाल्यासारखं वाटलं.

एक गोष्ट मला झोपू देत नाही. उजवी पडूनही तुम्ही न घेता उतरलात, त्यानंतरचे चार-दोन दिवस तुमच्या मनात काय होतं? तुम्ही नीट जेवत नव्हता. कोकराशी बोलायचात, माणसांशी नाही. देव रागावला असं वाटत होतं का तुम्हाला? नको ते मागितलं, पुन्हा पुन्हा मागितलं, आता तो आपला राहिला नाही, असं मनात धरून तुम्ही लिंबाखाली बसला होता का? मी देव मानते की नाही मला ठाऊक नाही. कधी मानते, कधी नाही, बहुतेक आपल्या सोयीनं. पण तुम्ही मानत होता. आणि माझ्यापायी तुमचं त्याच्याशी बिनसलं असेल तर ते मिटवायला आता तुम्ही येणार नाही.

म्हणून काल रविवारी पुन्हा गेले. पदरात कळ्या घेतल्या नव्हत्या. सोपानमामांनी पाट सरकवला तर मी म्हटलं, विचारायचं काही नाही मामा, सांगायचं आहे. देवापुढं बसले. कसं बोलायचं असतं ते मला येत नाही, तुम्ही त्याच्याशी शेजाऱ्यासारखं बोलायचात. मी आपलं शाळेत उभं केल्यासारखं बोलले. म्हटलं, आक्कांनी जे विचारलं ते माझं होतं. ते मी परत घेते. घासाघीस झाली ती माझ्यापायी झाली, त्यांच्या नावावर धरू नका. पाडव्याला पहिली डावी दिलीत तीच धरते. निघतो आम्ही.

मामा मागून म्हणाले, "आगं, उजवा कौल परत करतीस? आसं कोन करत न्हाई."

"मामा," मी म्हटलं, "तो आक्कांनी घेतलाच नाही. मग मी कुणाचा घेऊ?"

भंडारा त्यांनी नेहमीपेक्षा जास्त लावला, नाकावर सांडेपर्यंत. मग उठता उठता मी देवाला आणखी एक सांगितलं. पुढच्या पाडव्याला मी येईन. कळ्या मी लावीन, माझ्या तोंडानं विचारीन, माझ्या नावानं. थांबायचंय मला, हे तेव्हाही खरं असेल, ते मी सोडलेलं नाही. पण एकदाच विचारीन. डावी दिलीत तर पुढची दिवाळी येईपर्यंत चालीन.

तुम्ही असता तर म्हणाला असता, लई शानी झाली शाळा. हे केल्यानं लाज गेली असं समजू नका. ती आहे तिथंच आहे. ह्यांना निघायचं सांगितलं तेव्हा ते लहान पोरासारखे घोडीकडं धावले, ते पाहून तर ती आणखी वाढली. ज्याला एवढं निघायचं होतं तो माणूस माझ्यासमोर नुसता रेघा ओढत बसला होता.

उद्या सकाळी निघायचं. आज दिवसभर बांधाबांध केली. जुनी गाठोडी, भांडी, वाघुरीच्या खुंट्या. गोदाकाठाला उसात बिबट्या फिरतो असा चुलत दिरांचा फोन होता, भाजीवाल्यांचाच. तुम्ही गेल्यापासून तेही माझ्याशी मऊ बोलतात. मेंढरांना कसं कळलं कोण जाणे, दुपारपासून सगळी तोंडं उत्तरेला करून उभी आहेत.

संध्याकाळी कुलूप शोधायला दाराशेजारच्या कोनाड्यात हात घातला तर कुलपाजवळ एक चिंधी सापडली, तेलानं काळी झालेली. तुमच्या जुन्या लुगड्याची. तुम्हाला आठवत असेल, माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या साली आपण परत आलो तेव्हा कुलूप गंजून धरलेलं होतं. पावसात उभं राहून ह्यांनी ते दगडानं फोडलं आणि मी तिथंच बसून रडले होते, आपल्याच घरात जायला घर फोडावं लागतं म्हणून. त्यानंतर कधी तसं झालं नाही. किल्ली घातली की कुलूप लोण्यासारखं उघडायचं. मला वाटायचं, ह्यांनी नवं कुलूप चांगलं बघून आणलंय. दर साली निघताना तुम्ही मागं रेंगाळायचात, आम्ही वाटेवरून हाका मारायचो, आक्का, चला की, दिवस वर आला. तुम्ही म्हणायचात, "आले, आले, म्होरं व्हा." मीच जास्त ओरडायचे.

पांघरुणांत तुमची घोंगडी होती, ती मी घोड्यावर लादली नाही. खांद्यावर घेणार आहे. कालव्यावर ती धरून कोण उभं राहणार ते मला ठाऊक नाही. कुणाला तरी सांगावं लागेल, तोंड उघडून.

उद्या ते सगळे पुढं होतील. मी मागं थांबेन, कुलपात तेल घालेन, वर तुमची चिंधी गुंडाळेन आणि घट्ट गाठ मारेन. मग आक्का, दार बाहेरून लावून येते.